दहा वर्षांची वकिलात, त्यातली सहा वर्षं गोव्यात: डॉन गार्सिया दे सिल्वा इ फिगेरोआ

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सतराव्या शतकात स्पेनच्या राजाने इराणच्या शहा अब्बासकडे एक उमराव राजदूत पाठवला, तो वाटेत गोव्यात वर्षानुवर्षं अडकला आणि शेवटी हात हलवत परतला, असं वाचनात आलं. हा माणूस कोण होता, त्याला गोव्यात कुणी आणि का अडकवलं, आणि त्याला अपयशी राजदूत म्हणायचं का? शिवाय एक उपप्रश्न: अशा कामाला उमरावच का पाठवत?

मी परराष्ट्र सेवेत ३१ वर्षं काढली. प्रशिक्षणानंतर भाषा वाटून देतात, त्यात माझ्या वाट्याला स्पॅनिश आली. निवृत्तीनंतर त्या भाषेतली जुनी दूतवृत्तं वाचायचा नाद लागला आणि सगळ्यात जास्त रमलो ते या म्हाताऱ्यात. तेव्हा उत्तर लांबणार आहे.

आधी माणूस. डॉन गार्सिया दे सिल्वा इ फिगेरोआचा जन्म १५५० साली डिसेंबरच्या अखेरीस साफ्रा या गावी झाला. हे गाव स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतात, पोर्तुगालच्या सरहद्दीकडे. मुलूख रखरखीत, उन्हाळा भाजून काढणारा. कोर्तेस आणि पिझारो हे अमेरिका जिंकायला गेलेले दोघंही याच प्रांतातले. साफ्रा म्हणजे फेरियाच्या ड्यूकांचं ठाणं. गावात त्यांचा गढीवजा वाडा अजून उभा आहे, आता तिथे सरकारी हॉटेल आहे. डॉन गार्सिया या घराण्याच्या नातेसंबंधातला. फिगेरोआ हे आडनाव त्या बाजूचंच. ड्यूक मात्र नव्हे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर मोठ्या सरदार घराण्याचा भाऊबंद: नाव मोठं, मान मोठा, पण जहागीर दुसऱ्याची. अशा माणसाला नोकरी करावीच लागे. त्याने फ्लँडर्सच्या लढायांत शिपाईगिरी केली, पुढे हाएन शहराचा राजनियुक्त कारभारी म्हणून काम पाहिलं, मग दरबारी कामकाजात आला. लॅटिन पक्की, प्राचीन ग्रीक-रोमन इतिहासकार जवळपास तोंडपाठ. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता उपप्रश्न. उमरावच का? याची कारणं अगदी व्यवहारी होती. त्या काळी राजदूत हा निरोप्या नसे, तो परक्या दरबारात राजाची प्रत्यक्ष काया असे. त्याला कुठे बसवलं, दाराशी कोण सामोरं आलं, पगडी-टोपी कुणी आधी काढली, हे सगळं राजालाच केलं असं धरलं जाई. ज्याला घरात जन्मापासून मानपानाची सवय आहे त्यालाच हे सांभाळता येतं, अशी समजूत होती. दुसरं कारण उघड बोलत नसत: पगार कधीच वेळेवर पोचत नसे, तेव्हा पदरमोड करू शकणारा किंवा नावावर कर्ज उचलू शकणारा माणूस लागे. पेशवाईतल्या वकिलांची पत्रं ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे नवं वाटणार नाही. दर चार पत्रांमागे एक पत्र खर्चाच्या तगाद्याचं असतंच.

नेमणूक झाली १६१२ साली. त्यामागचं राजकारण नीट समजलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून जरा थांबतो.

१५८० पासून स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. राजा एक, राज्यं दोन. १५८१ साली तोमार इथे भरलेल्या पोर्तुगीज सभेपुढे दुसऱ्या फिलिपने शब्द दिला होता की पोर्तुगालचा आणि त्याच्या समुद्रापलीकडच्या मुलखाचा कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहील. माद्रिदमध्येसुद्धा पोर्तुगालच्या कामांसाठी वेगळं मंडळ होतं. गोवा, होर्मुझ, मस्कत ही सगळी ठाणी पोर्तुगीजांची. इराणच्या आखाताचं तोंड म्हणजे होर्मुझचं बेट: पाणी नाही, झाड नाही, नुसतं मीठ आणि खडक, पण जकातीचं उत्पन्न प्रचंड. पलीकडे शहा अब्बास. त्याच्या माणसांनी १६०२ साली बहारीन घेतलं होतं आणि त्याचा डोळा होर्मुझवर होता. त्याच वेळी तो तुर्कांशी लढत होता आणि युरोपातल्या राजांना सांगत होता की तुम्ही पश्चिमेकडून मारा, मी पूर्वेकडून मारतो. आपलं रेशीम तुर्कांच्या मुलखातून न जाता समुद्रमार्गे जावं असंही त्याचं म्हणणं होतं. हे घेऊन त्याचे दूत युरोपात फिरत. त्यांतला एक तर चक्क इंग्रज होता, रॉबर्ट शर्ली. दुसरा दंगीज बेग. तो स्पेनहून परतला तेव्हा शहाने त्याचं डोकं उडवलं. दूत होणं त्या दरबारात जिवावरचं काम होतं.

तर माद्रिदने ठरवलं की आता साधू-मिशनऱ्यांमार्फत निरोप पाठवणं पुरे, एक खराखुरा राजदूत पाठवू. आणि निवडला तो कास्तिलियन, म्हणजे स्पेनच्या कास्तील राज्याचा माणूस, पोर्तुगीज नव्हे. इथेच पहिली ठिणगी पडली. ज्या बंदरांतून तो जाणार, ज्या खजिन्यातून त्याचा खर्च निघणार, ज्या जहाजातून तो फिरणार, ते सगळं पोर्तुगीजांचं. आणि पोर्तुगीजांच्या दृष्टीने हा घरात शिरलेला परका. तोमारचा शब्द मोडला गेला असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यात तथ्य होतं. मी डॉन गार्सियाच्या बाजूने बोलणार आहे, पण हे कबूल करूनच.

८ एप्रिल १६१४ ला तो लिस्बनहून निघाला. वय ६३. आफ्रिकेला वळसा घालून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोव्याला पोचला. सात महिने समुद्रावर. ज्यांनी आज जुने गोवे पाहिलं आहे त्यांना तिथली शांतता ठाऊक आहे: चर्च, हिरवळ, सहलीच्या बसगाड्या, मधूनच एखादी पाणपोई. डॉन गार्सिया मांडवीतून वर आला तेव्हा ते आशियातलं एक गजबजलेलं शहर होतं. नदीकाठची विजरईची कमान उभी राहून जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. बॉम जीझसचं चर्च नऊ वर्षांपूर्वी पवित्र केलेलं, से कॅथेड्रलचं काम अजून चालू. नदीपलीकडे, फोंड्याच्या बाजूला आदिलशाही. विजरई म्हणजे व्हाइसरॉय. मराठी कागदांत हा शब्द असाच येतो, आणि मला तो व्हाइसरॉयपेक्षा आवडतो.

त्या वेळचा विजरई होता जेरोनिमो द अझेव्हेदो. सिलोनच्या लढायांत मुरलेला, कठोर म्हणून गाजलेला. राजदूताचं स्वागत झालं, आणि मग काहीच झालं नाही. जहाज नाही. पैसे नाहीत. आज बघू, वारे फिरल्यावर बघू, इंग्रजांचा बंदोबस्त झाल्यावर बघू. यातलं सगळंच खोटं नव्हतं. १६१५ च्या सुरुवातीला अझेव्हेदो स्वतः मोठं आरमार घेऊन सुरतेजवळ इंग्रजांवर चालून गेला आणि मार खाऊन परत आला. अशा वेळी एका कास्तिलियन म्हाताऱ्याच्या सोयीसाठी जहाज काढायला त्याला सवड नव्हती, आणि इच्छा तर मुळीच नव्हती.

इथे ऋतूंचं गणित सांगायला हवं, कारण तिथे बसलेल्या माणसाचा सगळा जीव त्यातच अडकलेला असतो. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलमध्ये सुटत आणि साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान गोव्याला लागत. गोव्याहून परतीची जहाजं डिसेंबर ते फेब्रुवारीच्या आत सुटायला हवीत, नाही तर वर्ष गेलं. जूनमध्ये पावसाळा सुरू झाला की मांडवीचं तोंड वाळूने धरतं आणि बंदर बंद. म्हणजे राजाला पत्र लिहून उत्तर यायला दीड-दोन वर्षं. बसरा-अलेप्पोच्या खुश्कीच्या वाटेने पत्र लवकर जाई, पण ते मध्येच गहाळ झालं किंवा फोडलं गेलं तर कळायला मार्ग नसे. एखाद्या अधिकाऱ्याला दुसऱ्याला अडकवून ठेवायचं असेल तर अशा व्यवस्थेत त्याला नकार द्यावाच लागत नाही. दोन आठवडे टाळाटाळ केली की निसर्ग बाकीचं काम करतो.

असे पावसाळे त्याने गोव्यात काढले: १६१५ चा एक, १६१६ चा दुसरा. तो निव्वळ चरफडत बसला नाही. रोज लिहीत होता. हवा, झाडं, लोक, पोर्तुगीज कारभारातली अनागोंदी, सगळं. पुढे हेच लिखाण त्याच्या मोठ्या ग्रंथात आलं. पोर्तुगीजांबद्दल त्याने जे लिहिलंय ते बोचरं आहे, आणि मला वाटतं काही ठिकाणी अन्यायकारकही. चिडलेला माणूस बारीक बघतो, पण एकाच बाजूने बघतो.

याच काळात त्याचा शह-काटशह रॉबर्ट शर्लीशी. शर्ली शहाचा दूत म्हणून पुन्हा युरोपला निघाला होता आणि तोही गोव्यात जहाजाची वाट पाहत थांबला. म्हणजे एकाच गावात दोन राजदूत, एक शहाकडे निघालेला, एक शहाकडून आलेला, दोघंही विजरईच्या मर्जीवर. डॉन गार्सियाला हा इंग्रज पहिल्यापासून नकली वाटे. जातिवंत उमरावाला नशीब काढायला निघालेला भटक्या सरदार कसा दिसणार?

पण खरं नुकसान दुसरीकडे झालं. तो लिस्बनहून निघाला तेव्हा होर्मुझसमोरच्या किनाऱ्यावरचा गोम्ब्रूनचा कोट पोर्तुगीजांकडे होता. तो गोव्याला पोचतो न पोचतो तोच शहाच्या माणसांनी तो घेतला. होर्मुझच्या बेटाला पाणी आणि शिधा याच किनाऱ्यावरून येई. म्हणजे ज्या कामासाठी त्याला पाठवलं होतं, मैत्री, तुर्कांविरुद्ध आघाडी, रेशमाचा व्यापार, त्यावर आता बहारीन परत द्या, गोम्ब्रून परत द्या आणि इंग्रजांना थारा देऊ नका, ही मागणी येऊन बसली. मैत्रीचं बोलणं आणि वसुलीचं बोलणं एकाच माणसाने एकाच बैठकीत करायचं. ज्याने कधी शेजाऱ्याकडे लग्नाची बोलणी आणि बांधाचं भांडण एकत्र नेलं असेल त्यालाच याची चव कळेल.

माझी स्वतःची एक छोटी गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीला एका लहानशा देशात होतो. तिथल्या मंत्र्याची भेट ठरली, आणि काय बोलायचं याची सूचना वरून यायची होती. आली नाही. मी गेलो, चहा प्यालो, हवापाण्यावर चाळीस मिनिटं काढली आणि परतलो. सूचना तिसऱ्या दिवशी आली: भेट टाळावी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. माझं काही बिघडलं नाही. डॉन गार्सियाची वरात मात्र अडीच वर्षं गोव्याच्या धक्क्यावर उभी होती, आणि घोडं येत होतं आफ्रिकेला वळसा घालून.

शेवटी मार्च १६१७ मध्ये तो गोव्याहून निघाला, मस्कतमार्गे होर्मुझला पोचला, तिथला भाजणारा उन्हाळा काढला आणि ऑक्टोबरमध्ये इराणच्या भूमीवर उतरला. लारमार्गे शिराझ. हिवाळा शिराझमध्ये. आणि एप्रिल १६१८ मध्ये, शहाच्या भेटीला उत्तरेकडे जाताना, तो वाट वाकडी करून काही जुने अवशेष बघायला गेला. स्थानिक लोक त्या जागेला चिहिल मिनार म्हणत, चाळीस मनोरे. सोलोमनने बांधलं, जमशीदने बांधलं, अशा आख्यायिका होत्या. त्याच्या आधीही युरोपी साधू तिथे जाऊन आले होते.

डॉन गार्सियाने तिथे काय केलं ते बघा. त्याने डोक्यातले दिओदोरस आणि कुर्तियस काढले. त्या लेखकांनी वर्णन केलेला, अलेक्झांडरने जाळलेला पर्सेपोलिसचा राजवाडा डोंगराच्या पायथ्याशी कसा होता, जवळून कोणती नदी वाहत होती, तट कसा होता, हे सगळं समोरच्या जागेशी ताडून पाहिलं आणि ठामपणे लिहिलं की हेच पर्सेपोलिस. आज कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात हे एका ओळीत येतं. त्या दिवशी ते एका ६७ वर्षांच्या राजदूताने, हातात ना नकाशा ना उत्खनन, केवळ वाचनाच्या जोरावर ओळखलं.

मग त्याची नजर गेली अक्षरांवर. गुळगुळीत काळ्या दगडावर कोरलेला एक लेख होता, इतका ताजा की इतक्या शतकांत त्याला ओरखडा कसा गेला नाही याचं त्याला नवल वाटलं. ही अक्षरं खाल्डियन नाहीत, हिब्रू नाहीत, ग्रीक नाहीत, अरबी नाहीत, असं त्याने एकेक भाषा वगळत लिहिलं. सगळी चिन्हं तिकोनी, जराशी लांबट, छोट्या पिरॅमिडसारखी, आणि त्यांच्यात फरक काय तर फक्त ठेवणीचा: कोणतं उभं, कोणतं आडवं. त्याने सोबतच्या चित्रकाराला काम लावून नक्कल काढून घेतली. ज्याने कधी कीलाक्षर लिपी, म्हणजे खिळ्यासारख्या खुणांची ती प्राचीन लिपी, पाहिली असेल त्याने हे वर्णन पुन्हा वाचावं. नक्षी नव्हे, लिपी आहे, आणि एकाच खुणेच्या मांडणीतून ती बनली आहे, हे मर्म त्याने पहिल्या भेटीत पकडलं. ही लिपी उलगडायची सुरुवात व्हायला १८०२ साल उजाडावं लागलं. पुढे त्या कामात ज्याचं नाव गाजलं तो रॉलिन्सन १८२७ साली कंपनीचा पोरगेला शिपाईगडी म्हणून मुंबईत उतरला होता, पण ती वेगळी गोष्ट.

आणखी एक बारकावा, जो मला फार आवडतो. भिंतींवर कोरलेल्या माणसांचे झगे त्याला व्हेनिसच्या मानकऱ्यांच्या झग्यांसारखे वाटले. ही तुलना कुठे केली? इस्फहानहून १६१९ साली बेदमारच्या मार्किसला लिहिलेल्या पत्रात. आणि बेदमारचा मार्किस कोण? नुकताच व्हेनिसमधून मोठ्या वादळात बाहेर पडावं लागलेला स्पॅनिश राजदूत. ज्याला पत्र लिहायचं त्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहील अशी उपमा निवडायची, हे मुरलेल्या दूताचं लेखन आहे. ते पत्र लॅटिनमध्ये १६२० साली अँटवर्पला छापलं गेलं आणि पाच-सहा वर्षांत इंग्रजीतही आलं.

आता शहा. भेट झाली जून १६१८ मध्ये कझवीनला. राजदूताची मिरवणूक निघाली, नजराणा उचलायला शेकडो माणसं. चित्रं, शस्त्रं, चांदीसोन्याच्या वस्तू, आणि त्यातच पोत्यापोत्यांनी मिरी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची मिरी, पोर्तुगीजांच्या वखारीतून, स्पेनच्या राजाच्या नावाने, इराणच्या शहाला. शहा अब्बास तेव्हा ४७ वर्षांचा. साध्या कपड्यांत वावरणारा, बाजारातून एकटा हिंडणारा, पाहुण्याला स्वतःच्या हाताने पेला भरून देणारा आणि त्याच हाताने मान उडवायचा हुकूम करणारा. पायऱ्या मोजून नमस्कार करणाऱ्या कास्तिलियन उमरावाला हा माणूस कसा समजावा? शहाने मेजवान्या दिल्या, हास्यविनोद केला, आणि कामाचं बोलणं निघालं की विषय बदलला. मग तुर्कांची फौज आली म्हणून तो आघाडीवर निघून गेला, आणि राजदूताला सांगितलं की तुम्ही इस्फहानला जाऊन थांबा.

पुन्हा थांबणं.

इस्फहानमध्ये त्याने वर्षभर काढलं. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात आकाशात धूमकेतू दिसले, त्यांची नोंद त्याने नेमकेपणाने केली. त्याच धूमकेतूंवरून युरोपात गॅलिलिओ आणि जेझुइट विद्वानांची जुंपली होती. मधल्या काळात शहाने तुर्कांशी तह करून टाकला. म्हणजे तुर्कांविरुद्ध आघाडी हे जे स्पेनच्या हातातलं एकमेव नाणं होतं, ते खोटं ठरलं. वर इंग्रज कंपनीची जहाजं जास्कच्या बंदरात येऊन रेशीम न्यायला लागली होती. गंमत अशी की त्याच सुमाराला जहांगीरच्या दरबारात असलेला इंग्रज वकील सर टॉमस रो या स्पॅनिश राजदूताच्या लवाजम्याच्या बातम्यांनी धास्तावला होता. हा थाटामाटात चाललेला म्हातारा आपला रेशमाचा धंदा बुडवणार असं त्याला वाटे. बाहेरच्याला थाट दिसतो, आतलं दारिद्र्य दिसत नाही.

ऑगस्ट १६१९ मध्ये इस्फहानच्या भव्य मैदानात, म्हणजे आजच्या नक्श-ए-जहाँ चौकात, अखेरची भेट झाली. डॉन गार्सियाने मागणी पुन्हा मांडली. शहाचा पवित्रा स्पष्ट होता: बहारीन आम्ही पोर्तुगीजांकडून घेतलंच नाही, ते होर्मुझच्या मुसलमान राजाचं होतं, आणि गोम्ब्रून तर इराणच्याच जमिनीवर आहे. कायद्याच्या भाषेत हे उत्तर चांगलंच होतं. महिना संपायच्या आत राजदूत इस्फहान सोडून निघाला.

पुढची कथा भराभर सांगतो, कारण ती वाट पाहण्याचीच आहे. होर्मुझ, मग १६२० मध्ये पुन्हा गोवा. घरी परतायचा एक प्रयत्न फसला आणि तो गोव्यातच राहिला. तो तिथे असतानाच, १६२२ च्या मे महिन्यात, शहाची फौज आणि इंग्रजांची जहाजं यांनी मिळून होर्मुझ घेतलं. शंभरहून अधिक वर्षं पोर्तुगीजांकडे असलेलं ठाणं गेलं. गोम्ब्रूनचं नाव बंदर अब्बास झालं, ते आजही तेच आहे. गोव्यात बोटं कुणाकडे वळली असतील ते सांगायला नको. त्यानंतर वर्षभरात इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले गोव्याला आला. इराणमध्ये दोघांची ओळख झाली होती. देल्ला व्हाल्ले आपल्या मृत बायकोचा देह पेटीत घालून सोबत नेत होता, आणि डॉन गार्सिया एका मेलेल्या वकिलातीचे कागद सांभाळत होता. ते भेटले तेव्हा काय बोलले असतील असं मनात येतं.

१ फेब्रुवारी १६२४ ला त्याने गोवा कायमचं सोडलं. २२ जुलैला, अझोर्स बेटांच्या अलीकडे, म्हणजे घर जवळ आलेलं असताना, जहाजावरच त्याचा मृत्यू झाला. लांब सफरींत हिरड्या सुजून माणसं मरत तो खलाशांचा जुना आजार, आज आपण ज्याला स्कर्व्ही म्हणतो तो. लिंबू-संत्र्याने टळणारा. देह समुद्रात सोडला. वय ७३.

आता मूळ प्रश्न: अपयशी म्हणायचं का?

कामाच्या यादीवर खुणा करायच्या तर हो. बहारीन मिळालं नाही, गोम्ब्रून मिळालं नाही, इंग्रज हटले नाहीत, होर्मुझ गेलं. पण अपयश कुणाचं, हे विचारल्याशिवाय मी गुण द्यायला तयार नाही. हिशेब मांडून पाहा. १६१४ ते १६२४ ही दहा वर्षं. त्यांतली शहाच्या राज्यात घालवलेली जेमतेम दोन. गोव्यात, आपल्याच राजाच्या मुलखात, साधारण सहा. उरलेली समुद्रावर आणि होर्मुझला. वकिलाचा खरा विरोधक समोरच्या दरबारात असतो असं लोकांना वाटतं. ३१ वर्षांनंतर माझं मत असं की समोरच्याशी बोलणं सोपं असतं, तो निदान आपला नसल्याचं मान्य करतो. डॉन गार्सियाला शहाने जेवू घातलं, विजरईने थोपवून धरलं, आणि माद्रिदने त्याला अशा मागण्या दिल्या ज्यांच्या मागे एकही जहाज उभं नव्हतं. ज्या मागणीमागे बळ नाही ती मागणी मांडायला जगातला सर्वांत हुशार उमराव पाठवला तरी ती विनंतीच होते, आणि शहा अब्बासला विनंत्या ओळखता येत होत्या.

त्याचे स्वतःचे दोषही होते. ताठपणा फार. पोर्तुगीजांशी जुळवून घेण्याची थोडीही कला दाखवली असती तर कदाचित एखादा पावसाळा वाचला असता. शर्लीसारख्या उपयोगी माणसाला त्याने तुच्छतेने दूर ठेवलं. तो नकली असेलही, पण शहाच्या मनात काय चाललंय हे त्याला ठाऊक होतं. घराण्याचा मान हे दरबारात भांडवल असतं, पण धक्क्यावर, कारकुनांच्या आणि तांडेलांच्या जगात, त्याचं ओझंच होतं.

तरीही त्याच्याबद्दल आज आपण बोलतोय ते त्याच्या लिखाणामुळे. कोमेंतारियोस नावाने ओळखला जाणारा त्याचा ग्रंथ हस्तलिखितात राहिला. १६६७ साली पॅरिसला त्याचं फ्रेंच भाषांतर निघालं. मूळ स्पॅनिश मात्र छापायला १९०३ आणि १९०५ उजाडलं, माद्रिदच्या ग्रंथप्रेमींच्या संस्थेने दोन खंडांत काढलं. म्हणजे लेखकाला गोव्यात सहा वर्षं थांबावं लागलं आणि पुस्तकाला स्पेनमध्ये जवळजवळ तीनशे. हस्तलिखित माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

ज्यांना स्पॅनिश येत नाही त्यांच्यासाठी एक सुचवतो. इस्फहानचं ते पत्र जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनांच्या संग्रहात मिळतं, लहान आहे, तासाभरात वाचून होतं. आणि कधी जुने गोव्याला गेलात तर चर्चांची रांग आटोपून खाली नदीकडे या. दिवारची फेरी जिथून सुटते तिथे ती विजरईची कमान आहे. धक्क्यावर दहा मिनिटं उभे राहा. फेरी पाच मिनिटांत पलीकडे जाते आणि परत येते, दिवसभर. डॉन गार्सियाने तिथून मांडवीकडे पाहत किती दिवस काढले असतील याचा हिशेब माझ्या वहीत आहे: पहिल्याच मुक्कामाचे साडेआठशेच्या वर.